नवीन बॅचचं स्वागत खेळांनी कसं करायचं: नर्सिंग, एमबीबीएस, फिजिओ, लॅब टेक्निशियन, सगळ्यांच्या कामाचं

ॲडमिशनच्या फेऱ्या संपत आल्या की स्टाफरूममध्ये एकच विषय चालू होतो, यंदा ओरिएंटेशनला काय ठेवायचं. आणि बहुतेक ठिकाणी शेवटी तेच ठरतं, दीपप्रज्वलन, प्राचार्यांचं भाषण, मग एकेका विभागप्रमुखांचं भाषण, मग युनिफॉर्मचे नियम, हजेरीचे नियम, हॉस्टेलचे नियम, चहा-बिस्कीट आणि सुट्टी. मी मराठवाड्यात नर्सिंगच्या मुलांना शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि मला मनापासून वाटतं की हे बदलायला पाहिजे. एमबीबीएसला तर २०१९ पासून अभ्यासक्रमातच फाउंडेशन कोर्स आहे, म्हणजे मुलांना रुळायला वेळ द्यायचा हे तिथं मान्यच झालंय, पण त्या वेळात नेमकं करायचं काय हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं. आम्ही दोन दिवस खेळ घेतो. कसे घेतो, काय चुकलं, काय बदललं ते सगळं लिहिते, कारण बरेच जण विचारतात आणि फोनवर हे नीट सांगता येत नाही.

आधी एक अनुभव. मी पूर्वी ज्या कॉलेजात होते तिथं पहिल्या दिवशी स्टेजवर माईक ठेवून प्रत्येकाने ओळख करून द्यायची पद्धत होती. पुढच्या चार-पाच जणींनी इंग्रजीत सुरुवात केली, त्यामुळे मागच्या सगळ्यांना वाटलं की इंग्रजीतच बोलायचं असतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावाकडून आलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलगी उठली, माय नेम इज म्हणाली आणि तिथंच अडकली, माईक हातात तसाच, आणि मग रडायलाच लागली. संध्याकाळी वडिलांचा फोन आला, मॅडम लेकरू घरी येते म्हणतंय. ती नंतर राहिली, पण पहिलं सहामाही मागच्या बाकावर गप्प बसून काढलं तिनं. तेव्हापासून मी माईक आणि एकेकट्याची ओळख हे दोन्ही बंद केलं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. आपल्याकडची बरीच मुलं लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला क्लास लावून, रूमवर राहून नीट (NEET) किंवा सीईटी या प्रवेश परीक्षा देऊन आलेली असतात, काही तर दोनदा-तीनदा देऊन. लातूर पॅटर्नमध्ये अभ्यास कसा करायचा ते शिकून येतात, पण दोन वर्षं शेजारी बसलेला पोरगा म्हणजे आपल्या पुढचा किंवा मागचा रँक, हेच डोक्यात असतं. आणि वॉर्डात याच्या बरोबर उलटं आहे. ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरने नीट सांगितलं नाही तर तुम्ही कितीही हुशार असा, पेशंटचं नुकसान होतंच. म्हणून पहिल्याच दिवशी एकट्याने जिंकायचा एकही खेळ ठेवायचा नाही, सगळे मार्क गटाला. आम्ही एकदा बायोलॉजीची क्विझ ठेवली होती, तेच तीन टॉपर उत्तरं देत राहिले आणि बाकीचे ५७ जण खिडकीतून बाहेर बघत बसले, ती आम्ही पुढच्या वर्षी काढून टाकली.

तयारी: आठवडाभर आधी

सगळ्यात आधी सिनिअर निवडा. प्रत्येक ६ नवीन मुलांमागे १ सिनिअर, म्हणजे ६० ची बॅच असेल तर १० जण लागतील. त्यांना आदल्या दिवशी बसवून सगळे खेळ स्वतः खेळायला लावा, नुसतं समजावून भागत नाही. आणि त्यांना एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगा: नवीन मुलांनी खेळायचं आणि सिनिअरनी बघून हसायचं असं एकाही खेळात होणार नाही, सिनिअर पण खेळणार. माझ्या मते स्वागत आणि रॅगिंग यातला फरक इथंच आहे, कोण खेळतंय आणि मजा कोण बघतंय. गाणं म्हण, नाचून दाखव, अमक्याला प्रपोज कर, उठाबशा काढ, असलं काहीही नको, गमतीतसुद्धा नको. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, आणि राष्ट्रीय हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ हा नंबर आम्ही पहिल्याच सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो आणि सगळ्यांना मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावतो, सिनिअरच्या समोर. खेळ चालू असताना प्रत्येक खोलीत एक शिक्षक पाहिजेच.

ज्याला खेळायचं नाही त्याच्यासाठी काम ठेवा. वेळ मोजणारा, मार्क लिहिणारा, चिठ्ठ्या वाटणारा. कुणाला पाय दुखतो, कुणाला अंगाला हात लागलेला चालत नाही, कुणी नुसतं घाबरलेलं असतं, कारण विचारायचं नाही. माझा अनुभव असा की सकाळी वेळ मोजायला बसलेलं लेकरू दुपारी आपणहून गटात येतं.

सामान फार लागत नाही. रंगीत खडू, जाड कागदाची कार्डं, पोस्टर कलरच्या बाटल्या, नायट्रिलचे हातमोजे, डोळ्याला बांधायला स्वच्छ पट्ट्या, चार रंगांच्या बादल्या (त्या तुमच्या स्किल लॅबमध्ये असतातच), आणि एक शिट्टी. लाईटचा भरवसा नसतो त्यामुळे प्रोजेक्टरवर चालणारा खेळ ठेवूच नका. पिण्याच्या पाण्याचे जार मात्र मोजून ठेवा.

पहिला खेळ: जमिनीवरचा मराठवाडा

हा सकाळी सगळ्यात आधी घ्यायचा, अर्धा-पाऊण तास. हॉलमध्ये किंवा पटांगणात खडूने आठ जिल्ह्यांचा मोठा नकाशा काढायचा, छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. अगदी हुबेहूब नको, पण निळ्या खडूने गोदावरी मात्र काढा, पैठणहून गंगाखेड, नांदेडकडे जाणारी, म्हणजे मुलांना आपलं गाव कुठं येतं ते पटकन सापडतं. विदर्भातली, नाशिककडची मुलं असली तर नकाशाच्या बाहेर त्या बाजूला उभी राहतील. मग एकच सूचना, आपापल्या गावावर जाऊन उभं राहा.

यात कुणाला एकट्याने बोलावं लागत नाही, नुसतं चालत जायचं असतं. आणि तिथं गेलं की आपोआप शेजारच्याला विचारलं जातं, तू कुठला, अरे मग तुमच्या बाजाराला आमची आजी येते. दोन मिनिटं त्यांना तसंच बोलू द्या, शिट्टी मारू नका. मग पुढचा प्रश्न: गावात उपकेंद्र आहे त्यांनी हात वर करा. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे त्यांनी एक पाऊल पुढं या. रात्री-अपरात्री बाळंतपणाला किंवा साप चावल्यावर कुठं नेतात, किती वेळ लागतो, ते शेजारच्याला सांगा. एवढं झाल्यावर मी सांगते की सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असं सरकारी प्रमाण आहे. मग आता तुमच्या गावाचं बघा. मागच्या एका बॅचमध्ये बीड जिल्ह्यातला एक मुलगा म्हणाला की आमच्याकडं ऊसतोडीला गाव रिकामं होतं मॅडम, तेव्हा म्हातारी माणसंच मागं राहतात, त्यांना दवाखान्यात कोण नेणार. सगळे शांत झाले. आरोग्यव्यवस्थेचा तो धडा माझ्या वर्षभराच्या नोट्समध्ये नव्हता.

दुसरा खेळ: पेशंट काय म्हणतोय

हा माझा सगळ्यात आवडता, आणि याला तासभर द्याच. कार्डावर पेशंट जसं बोलतो तसं वाक्य लिहायचं, पुस्तकातलं नाही, आपल्या ओपीडीत ऐकू येतं ते. छातीत कळ निघायलीय. डोळ्याम्होरं अंधारी यायलीय. हातापायाला मुंग्या यायल्यात. लघवीला आग व्हायलीय. जीव घाबरा व्हायलाय. अंगावरून जातंय. लेकराची टाळू बसलीय. पोटात गोळा उठतोय. तुमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना आणि मावशींना विचारून अशी ३०-४० वाक्यं सहज जमतात.

खेळ असा. एका गटातला एक जण कार्ड उचलतो आणि पेशंट होतो. दुसऱ्या गटाने त्याला तीन प्रश्न विचारायचे, मराठीत, त्याला समजेल असे. मार्क प्रश्नाला, आजाराच्या नावाला नाही, हा नियम अजिबात ढिला करायचा नाही. पहिल्या दिवशी मुलांना आजार ओळखायला लावलं की ती अंदाज ठोकायला शिकतात आणि ती सवय पुढं फार महागात पडते. कुणी आजाराचं नाव घेतलं तर त्या गटाचा १ मार्क कमी, आणि ते का हे समजावून सांगायचं.

एकदा "अंगावरून जातंय" हे कार्ड निघालं. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांना कळेचना, एकाने विचारलं काय जातंय, मुंगी का. तेव्हा मागून एक मुलगी उठली, तोपर्यंत दिवसभर एक शब्द बोलली नव्हती, आणि तिनं पेशंटला विचारलं, बाई पांढरं जातंय का लाल, किती दिवस झाले, आणि दिवस गेलेत का तुम्हाला. तीन प्रश्न, तिन्ही बरोबर, कारण या एका वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात आणि पोटुशी बाई असेल तर धावपळ करायची वेळ असते. तसंच "टाळू बसलीय" ला दुसऱ्या एकीने सगळ्यांना समजावलं की तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचा मऊ भाग आत जातो, तिची मावशी गावात आशा कार्यकर्ती आहे, तिच्याकडून ऐकलेलं. मी फक्त एवढंच जोडलं की जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की असं होतं, म्हणून बाळ किती वेळा शी करतंय, दूध ओढतंय का, लघवी करतंय का हे विचारायचं. त्या दोघींकडं बाकीची मुलं ज्या नजरेनं बघत होती ना, त्यासाठी हा खेळ आहे. गावाकडून आलेल्या लेकराला पहिल्याच दिवशी कळतं की आपण घरून जी भाषा घेऊन आलोय ती इथं कामाची आहे, आणि इंग्रजी हळूहळू येईलच.

काही वाक्यं मुलं-मुली एकत्र असताना अवघड वाटतील. पण हसणं दाबून न ठेवता एकदा हसून होऊ द्या, मग शांतपणे सांगा की पेशंट हे तुम्हाला विश्वासाने सांगणार आहे. माझ्याकडं कुठल्याच बॅचने नंतर टिंगल केली नाही.

तिसरा खेळ: डोळे बांधून हात धुणे

जेवणानंतर सुस्ती येते तेव्हा हा घ्या. नायट्रिलचे हातमोजे घालायचे (लेटेक्सची ॲलर्जी असते काहींना, म्हणून नायट्रिल), मोजे हाताच्या मापाचे पाहिजेत नाहीतर सुरकुत्या पडून गडबड होते. डोळे बांधायचे, तळहातावर चमचाभर पोस्टर कलर ओतायचा आणि सांगायचं, हा साबण आहे असं समजून हात धुवा. पट्टी प्रत्येकाला वेगळी.

डोळे उघडले की सगळे आधी हसतात आणि मग आपापल्या हाताकडं बघत राहतात. तळहात लालभडक, आणि अंगठ्याचं मूळ कोरं, बोटांची टोकं कोरी, बोटांच्या मधल्या खाचा कोऱ्या. जवळपास प्रत्येकाचं हेच होतं. आता गटात एकमेकांचे हात बघून कागदावर हाताचं चित्र काढून कोरी जागा रंगवायला सांगा, सगळ्या गटांची चित्रं भिंतीवर लावली की एकसारखीच दिसतात. मग सहा पायऱ्या दाखवा: तळहातावर तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या मधे, बोटांची पाठ, अंगठे, बोटांची टोकं. साबण-पाण्याने एकूण ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे. प्रत्येक गटाने ६० सेकंदांची आपली मोजणी ठरवायची, कुणी आरतीचं कडवं घेतं, कुणी पाढे म्हणतं. मग नवे मोजे, पुन्हा डोळे बांधून, पुन्हा रंग. दुसऱ्या वेळी किती फरक पडला ते त्यांनाच मोजू द्या.

चौथा: बादल्यांची लंगडी

पटांगणाच्या एका टोकाला पिवळी, लाल, पांढरी, निळी बादली आणि एक साधी कचऱ्याची. दुसऱ्या टोकाला सामान. गटातल्या एकेकाने लंगडी घालत जाऊन वस्तू बरोबर बादलीत टाकायची, मग पुढच्याला टाळी. ज्याला लंगडी जमत नाही त्याने चालत जावं. वापरलेली एकही वस्तू आणि एकही सुई या खेळात आणायची नाही, सुईचं कार्डावर चित्र काढा. रक्ताचा कापूस म्हणजे कुंकवाच्या पाण्यात बुडवलेला कापूस.

उत्तरं दवाखान्यातल्या कचऱ्याच्या (बायोमेडिकल वेस्ट) २०१६ च्या नियमांप्रमाणे: रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. सलाईनची नळी, प्लास्टिकची बाटली, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे लाल्यात. सुया, ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या व्हायल, फुटलेले ॲम्प्युल निळ्यात. मधे बिस्किटाचा पुडा ठेवा, तो बरेच जण घाईत पिवळ्यात टाकतात. खेळ संपला की बादल्या उलट्या करून चुकलेल्या वस्तू बाजूला काढायच्या आणि एकच प्रश्न विचारायचा, ही चुकीच्या बादलीत गेली तर इजा कुणाला होईल. मुलांना वाटतं पेशंटला. मग कचरा उचलणाऱ्या मामांना बोलवा, त्यांना बोलू द्या. आमच्याकडं एका मामांनी लाल पिशवीतून हाताला सुई टोचलेली दाखवली होती, बोटावरचा तो बारीकसा डाग मुलांनी जवळ येऊन बघितला.

पाचवा: कानगोष्टी

छोटा आहे, २० मिनिटांत होतो. ओळीत बसवून पहिल्याच्या कानात सांगायचं: बेड १२ च्या आजी, वय ६५, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, सकाळी १० ला सलाईन लावलंय, रात्री १० नंतर तोंडाने काही द्यायचं नाही, उद्या सकाळी ८ ला ऑपरेशन. शेवटच्यापर्यंत जाईस्तोवर ॲलर्जी गळून गेलेली असते, किंवा १० आणि ८ ची अदलाबदल झालेली असते. दुसऱ्या फेरीत नियम बदलायचा, ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, सांगणाऱ्याने हो म्हटल्यावरच पुढं. वेळ दुप्पट लागतो पण निरोप बराच शाबूत पोचतो. वॉर्डात ड्युटी बदलताना हेच करायचं असतं.

दुसरा दिवस: दवाखाना ओळखा

हॉस्पिटलमध्ये चिठ्ठ्या शोधत फिरायचा खेळ सगळ्यांना आवडतो, पण हा चुकला तर फार वाईट दिसतो, म्हणून नीट वाचा. सकाळी ओपीडीची गर्दी असते, संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तर केसपेपरच्या खिडकीपुढं उभं राहायला जागा नसते, त्यामुळे दुपारीच जायचं. मेट्रनची, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखांची, परवानगी आधी घ्यायची. आयसीयू, लेबर रूम, बर्न वॉर्ड, शवागार या जागा वगळायच्या. ६ जणांचा गट, सोबत सिनिअर, प्रत्येक गटाचा रस्ता वेगळा. धावलं तर गट बाद, फोटो किंवा रील काढली तर गट बाद, पेशंटच्या नातेवाइकाने रस्ता विचारला आणि तुम्ही थांबून सांगितलं तर २ मार्क जास्त.

शोधायचं काय, तर केसपेपर खिडकी, रक्तपेढी, एक्स-रे, औषधाची खिडकी, आग विझवायचं सिलिंडर, व्हीलचेअर कुठं मिळते, नातेवाइकांना पिण्याचं पाणी कुठं, रात्री झोपायला जागा कुठं. आणि शेवटी, तीन माणसांना भेटून त्यांचं नाव आणि काम लिहून आणायचं, ज्यात एक मावशी किंवा मामा, एक लॅबमधलं कुणीतरी, एक सिक्युरिटीचं. एका वॉर्डातल्या मावशी मला नंतर म्हणाल्या, एवढी वर्षं झाली, लेकरांनी नाव काय म्हणून पहिल्यांदाच विचारलं.

खेळ झाल्यावरचं बोलणं

हे सोडलं तर सगळा वेळ वाया. खेळ अर्धा तास चालला तर निदान १५ मिनिटं गोल बसून बोलायचं. मी तीनच प्रश्न विचारते: काय झालं, तेव्हा काय वाटलं, वॉर्डात हे कुठं लागेल. पहिली उत्तरं "मजा आली मॅडम" अशीच येतात. गप्प बसा, घाई करू नका, दहा सेकंदांनी कुणीतरी खरं बोलतं. आधी दोघादोघांत बोलायला लावलं तर लाजाळू मुलंही बोलतात. शिक्षकाने भाषण सुरू केलं की संपलं, म्हणून मी सिनिअरला सांगून ठेवते, मी दोन मिनिटांच्या वर बोलले तर शिट्टी मारायची.

बक्षीस गटाला, आणि सगळ्या गटांना सारखंच, खिशातली छोटी डायरी आणि पेन, वॉर्डात रोज लागतं. सीपीआर आणि अपघातात कोण किती गंभीर त्याप्रमाणे पेशंटची लाल-पिवळी-हिरवी वर्गवारी हे खेळ पण छान आहेत, पण पहिल्या दोन दिवसांत नको. विशेषतः वर्गवारीच्या खेळात किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण आपोआप निघतं, ३० सप्टेंबर १९९३, आणि लातूर-धाराशिवकडच्या काही मुलांच्या घरात ते दुःख अजून आहे. वर्गाची एकमेकांशी ओळख झाली की महिन्याभराने घ्या.

शेवटची अडचण, जी आपल्याकडं दरवर्षी येते. कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या, लांबतात, पहिल्या फेरीची मुलं येऊन महिना होतो तरी नवी येतच राहतात, आणि त्या उशिरा आलेल्यांना काहीच स्वागत मिळत नाही, वर्गात सगळ्यांचे ग्रुप पडलेले असतात. यासाठी नकाशाचा आणि पेशंटच्या वाक्यांचा, हे दोन खेळ शेवटच्या फेरीनंतर परत घ्या, आणि ते आधी आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलांनाच घेऊ द्या. यंदा आमच्याकडं शेवटच्या फेरीत ९ जण आले. मी हॉलमध्ये पोचेपर्यंत मुलांनी नकाशा काढून ठेवला होता, गोदावरी जरा वाकडी झाली होती, आणि परभणीवर एक मुलगी उभी राहून दारात थांबलेल्या नवीन पोरीला हाक मारत होती, अगं तू सेलूची ना, इकडं ये.